पंधरा लाखांचे व्याज आणि रुपयाची भाऊबीज

जयपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गावाहून पाहुणे आले, की त्यांना हिंडविण्याची वाट ठरलेली असते. पहिल्या दिवशी आमेरचा किल्ला, दुसऱ्या दिवशी हवामहल, जंतरमंतर आणि सिटी पॅलेस. सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड कुंभ ठेवलेले आहेत, त्यांच्यापाशी पाहुणे हटकून थबकतात. प्रत्येकी सुमारे ३४५ किलो वजनाचे हे कुंभ. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ साली सवाई माधोसिंह (दुसरे) विलायतेस निघाले, तेव्हा परमुलखातले पाणी पोटात जाऊ नये म्हणून ते गंगाजल भरून बरोबर नेले गेले. वाटाड्या ही हकीकत रंगवून सांगतो. त्याने न सांगितली तर आपण सांगतो. एवढी वर्षे या शहरात काढल्यावर ती आपल्यालाही तोंडपाठ झालेली असते.

याच महाराजांनी त्याआधी दोनच वर्षे केलेली एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. १९०० साली, राजपुतान्यात माणसे व गुरे अन्नपाण्यावाचून मरत असता, त्यांनी पंधरा लाख रुपये एका कायम दुष्काळ निधीसाठी दिले. त्यातून ‘इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट’ या नावाचा विश्वस्त निधी उभा राहिला. त्या काळचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा. पंधरा लाख रुपयांची नाणी तराजूत घातली असती, तर साडेसतरा हजार किलोंच्या घरात वजन भरले असते. सिटी पॅलेसमधल्या कुंभांसारखे पन्नास कुंभ! दोन कुंभ जगाच्या ध्यानात राहिले आणि पन्नास विसरले गेले, याचे कारण उघड आहे. ते पन्नास कुंभ कोणाला दाखविता येत नाहीत. त्यांचे धान्य झाले, कपडे झाले, आणि ते माणसांच्या पोटापाठीस लागले.

आपल्या मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेत या विस्मृत दानाची हकीकत यावी, हा या लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू असा, की त्याच दुष्काळाने आणि त्याच्या आगेमागे आलेल्या दुष्काळांनी आपल्या महाराष्ट्रातही अनाथांच्या साहाय्याचा प्रश्न उभा केला होता, आणि तेथे त्याला मिळालेले उत्तर जयपूरच्या उत्तराहून फार निराळे होते. दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. त्यांचा मुक्काम जेथे व्हावा अशी जागा आपल्याखेरीज दुसरी कोणती? आपला एक पाय तेथे आणि एक येथे.

जयपूरशी मराठी माणसाचा संबंध तसा शहराच्याही आधीपासूनचा आहे. सवाई जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ त्यांचाच, आणि ब्रह्मपुरीतली पुंडरीकांची हवेली आजही त्यांचे नाव सांगते. युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणणारे सम्राट जगन्नाथ हेही आपल्याकडचेच. ही मंडळी येथे विद्येच्या बळावर दान घेण्यास आली. त्यांच्या मागून, शहर वसल्यावर वीस-पंचवीस वर्षांच्या आत, आपले लोक आले ते खंडणी घेण्यास. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज जवळ येऊन ठेपली, तेव्हा पैशाची तजवीज न झाल्याने सवाई ईश्वरीसिंहांनी प्राणत्याग केला, आणि पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची नागरिकांनी कत्तल केली. हा इतिहास आपल्या उत्सवप्रसंगी कोणी आठवत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. येथे त्याचा उल्लेख एवढ्याचसाठी, की या शहराकडून आपण दोन्ही रीतींनी घेतलेले आहे. देण्याचा विषय निघाला असता हे लक्षात असावे.

आता त्या दुष्काळाकडे वळू. राजस्थानात त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. या मुलखाला दुष्काळ नवा नव्हता. येथल्या भाषेत दुष्काळाचीही प्रतवारी आहे. धान्य पिकले नाही तर अन्नकाल, पाणी आटले तर जलकाल, चारा गेला तर तृणकाल. आणि तिन्ही एकदम आले तर त्रिकाल. छप्पनिया हा त्रिकाल होता. १८९९ च्या पावसाळ्यात सुरुवातीच्या सरी पडल्या आणि पुढे आभाळ कोरडे राहिले. एरवी मारवाडातली माणसे अशा वर्षी गुरे घेऊन माळव्याची वाट धरीत. तेथे चारा हमखास मिळे. त्या वर्षी माळव्यातही पाऊस नव्हता. गुरांचे तांडेच्या तांडे वाटेत बसले ते पुन्हा उठले नाहीत. खेजडीच्या झाडाची साल काढून, वाळवून, दळून तिच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या. पुढे १९०० साली पाऊस आला, तर त्याच्या मागोमाग हिवतापाची मोठी साथ आली. पटकी तर त्याआधीच येऊन गेली होती. अन्नावाचून खंगलेली शरीरे या साथींना बळी पडली. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे एक कोटी वीस लाख असलेली राजपुतान्याची लोकसंख्या १९०१ साली सत्त्याण्णव लाखांवर आली. जयपूर संस्थानाचे नुकसान त्या मानाने कमी; तरीही तेथील आकडा अठ्ठावीस लाखांवरून साडेसव्वीस लाखांवर उतरला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९०० साली देशात अन्न मुळीच नव्हते असे नाही. दिल्ली-अहमदाबाद लोहमार्ग जयपूर-अजमेरवरून जात होता आणि गाड्या भरून धान्य येत होते. नव्हती ती माणसांच्या हातात ते विकत घेण्याची ऐपत. शेतमजुराचे काम गेले, कोष्ट्याचे गिऱ्हाईक गेले, गुराख्याची गुरे गेली. बाजारात धान्याची पोती आणि बाजाराबाहेर उपाशी माणसे, असे ते दृश्य होते. म्हणून सरकारे दुष्काळी कामे काढीत: खडी फोडणे, तलाव खणणे, बांध घालणे. धडधाकट माणसाला तेथे मजुरी मिळे. पण खडी फोडू न शकणारा म्हातारा, पडद्याबाहेर न पडणारी घरंदाज बाई, आणि आईबाप वाटेवर गमावून बसलेले सात वर्षांचे पोर यांनी कोठे जावे?

सरकारी कामांच्या जाळीतून गळून पडणाऱ्या या माणसांसाठीच धर्मादाय निधी निघाला. १८९७ च्या दुष्काळात प्रथम आणि १९०० साली पुन्हा, असा अखिल भारतीय निधी गोळा करण्यात आला. १९०० साली त्यात दीड कोटी रुपयांच्या आसपास रक्कम जमली. त्या निधीने आपल्या खर्चाच्या चार बाबी आखून घेतल्या होत्या. सरकार देत असलेल्या शिध्याखेरीज आजारी, वृद्ध व मुले यांना कपडा, दूध, औषध द्यावे, ही पहिली. अनाथ मुलांचे संगोपन करावे, ही दुसरी. सार्वजनिक मदत मागण्यास लाजणाऱ्या अब्रूदार गरिबांना गुपचूप साहाय्य करावे, ही तिसरी. आणि दुष्काळ सरल्यावर ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना बैल, बियाणे, अवजारे देऊन पुन्हा उभे करावे, ही चौथी. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनी भाषेत लिहिलेली ही चार कलमे मला अनेक उत्तम प्रवचनांहून मोलाची वाटतात. दारिद्र्य म्हणजे नुसती भूक नव्हे. त्यात लाज असते, एकटेपण असते, आणि उद्या नांगराला बैल नसणे असते, हे ज्यांनी ती लिहिली त्यांना कळले होते.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त पैसा चौथ्या बाबीवर गेला. ते योग्यच झाले. बैल मिळालेला शेतकरी पुढच्या सुगीला स्वतःच्या पायांवर उभा राहतो. परंतु दुसरी बाब अडचणीची ठरली. बैल एकदा देऊन मोकळे होता येते. अनाथ मुलाचे तसे नसते. सात वर्षांच्या मुलाला दुष्काळाच्या वर्षी जेवू घातले म्हणजे भागले असे होत नाही. ते आठव्या वर्षीही अनाथच असते आणि नवव्याही. देणाऱ्यांचा ओघ मात्र पहिल्या पावसाबरोबर आटतो. पाऊस पडला की वर्तमानपत्रांतून दुष्काळ जातो आणि मुलगा उरतो.

माधोसिंहांच्या दानाचे महत्त्व येथे आहे. त्यांचे पंधरा लाख वाटून टाकण्यासाठी नव्हते. ती रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवावी, मुद्दलास हात लावू नये आणि व्याजातून दुष्काळपीडितांना साहाय्य करावे, अशी ती योजना होती. १८९० च्या धर्मादाय निधी कायद्यान्वये तिला कायम स्वरूप देण्यात आले. पुढे त्यात भरही पडली. दुष्काळ आला म्हणजे धावाधाव करून वर्गणी जमवायची, आणि ती जमेपर्यंत माणसे मरायची, या रहाटगाडग्यातून सुटण्याचा हा मार्ग होता. आपल्याकडे दामाजीपंतांची कथा घरोघर सांगतात. मंगळवेढ्याची धान्याची कोठारे त्यांनी उपाशी माणसांना मोकळी केली. थोर कृत्य, पण कोठार एकदा लुटविले की रिकामे होते, आणि दामाजीपंतांचे कोठार तर, कथेनुसारच, बादशहाचे होते. जयपूरच्या राजाने स्वतःचे कोठार दिले आणि ते रिकामे होणार नाही अशी तजवीजही केली.

या दानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते वरून आलेले दान होते. निधी सरकारच्या देखरेखीखाली. व्याज कोठे जावे हे ठरविणार अधिकारी व विश्वस्त. घेणाऱ्याचा देणाऱ्याशी काही संबंध नाही, ओळख नाही. आणि रोख्यांच्या व्याजाला महागाईची वाळवी लागते, हे आपल्यापैकी ज्यांनी निवृत्तीनंतर ठेवींवर संसार चालविला आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. १९०० सालचे पंधरा लाख ही राजाला शोभणारी रक्कम होती; आज जयपूरच्या एखाद्या चांगल्या वस्तीत तेवढ्यात साधी सदनिकाही मिळत नाही.

दरम्यान राजपुतान्यातल्या अनाथ मुलांवरून एक वेगळाच झगडा उभा राहिला होता. आईबाप मेलेली वा ताटातूट झालेली मुले प्रथम उचलली ती ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. त्यांच्याजवळ पैसा होता, माणसे होती, आणि मुलांना ठेवण्यास जागा होती. मुले त्यांच्या धर्मात वाढणार हे ठरलेलेच होते. त्यावर आर्य समाज जागा झाला. फिरोजपूरचे त्यांचे अनाथालय जुने होते. अजमेरलाही त्यांनी काम सुरू केले होते. लाला लजपतराय यांनी १८९७ साली व पुन्हा छप्पनियात हिंदू अनाथांच्या साहाय्याची मोहीम काढून राजपुताना, मध्य प्रांत, काठेवाड येथून शेकडो मुले पंजाबकडे नेली. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, आणि अनाथ मूल परधर्मीयांकडे सोपविण्यापूर्वी त्याच्या स्वधर्मीयांना संधी द्यावी, या तत्त्वाला मान्यता मिळाली. मुलांना कोणी विचारले नाही, हे सांगण्याची गरज नाही. पाऊस पडल्यावर काही मुलांचे नातेवाईक त्यांना शोधीत आले, तोवर कित्येक मुले शेकडो कोस दूर गेली होती.

हा झगडा वाचताना मराठी वाचकाला एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. पंडिता रमाबाई. त्यांची हकीकत दुष्काळापासूनच सुरू होते. १८७४ साली मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे एकामागून एक गेली. पुराण सांगून पोट भरणारे हे कुटुंब, कोणापुढे हात पसरण्याची लाज, म्हणून उपाशी राहिले. वर सांगितलेली ‘अब्रूदार गरिबां’ची तिसरी बाब ती हीच. त्यातून वाचलेल्या रमाबाई पुढे कोठल्या कोठे गेल्या हे सर्वश्रुत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन परत आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी घेतलेल्या शेतावर, प्रथम झाडांखाली व तंबूंत, ‘मुक्ती’ सदनाची वसाहत उभी राहिली. छप्पनियात त्यांनी गुजरात व लगतच्या दुष्काळी मुलखांत आपल्या मदतनीस स्त्रियांना पाठविले आणि तेथून आणखी शेकडो मुली आल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे या मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखाना चालवू लागल्या.

रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि केडगावची मुलगी ख्रिस्ती होई, यावरून तेव्हा पुण्यात जे रण माजले त्याचे वळ अद्याप पुरते गेलेले नाहीत. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. तरीही लिहिणाऱ्याने आपले मत लपवू नये. ज्या बाईने दुष्काळाच्या वाटेवर जाऊन मुली उचलल्या तिच्या धर्माविषयी तक्रार करण्याचा अधिकार, ज्यांनी एकही मुलगी उचलली नाही त्यांना फार थोडा पोहोचतो. ज्यांनी उचलल्या त्यांना पोहोचतो. लजपतरायांना तो होता; पुण्यातल्या बहुतेक टीकाकारांना नव्हता.

महाराष्ट्रात कोणी काही केलेच नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीस ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ उघडून उपाशी मुलांना जेवू घातले. पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाच्या पुढाकाराने, प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली, १८७५ मध्ये अनाथ अर्भकांचे आश्रयस्थान सुरू झाले. चंद्रभागेच्या वाळवंटी टाकून दिलेली किती अर्भके तेथे वाढली असतील! शिवाय घरोघरची जुनी रीत होतीच. गरीब विद्यार्थी वार लावून जेवी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळून एक मुलगा शिकवीत आणि त्याची वहीत कोठे नोंद नसे. अर्थात ही सात घरे कोणत्या जातीच्या मुलासाठी उघडत आणि कोणत्या जातीच्या मुलासाठी नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे.

रमाबाईंच्या केडगावला पैसा आला तो मुख्यतः समुद्रापलीकडून. त्यांच्या शारदा सदनासाठी १८८७ साली बोस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले होते. अमेरिकेतल्या गावोगावच्या स्त्रियांनी मंडळे करून दर वर्षी माणशी निदान एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन दिले आणि पाळले. राजाच्या पंधरा लाखांची ही अगदी उलट तऱ्हा. मुद्दल नाही, रोखे नाहीत. आहे ती दर वर्षी नवी होणारी लहानशी देणगी आणि ती देणारी असंख्य माणसे.

ही तऱ्हा मराठी मातीत रुजविली ती धोंडो केशव कर्व्यांनी. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेशी ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा विवाह झाला. शारदा सदन उघडले होते तेही ११ मार्चलाच, १८८९ साली. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले, आणि १९०० साली, म्हणजे छप्पनियाच्याच वर्षी, तेथील माळावर झोपडी उभी राहिली. फर्गसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवावे आणि संध्याकाळी पायी हिंगण्यास जावे, असा कर्व्यांचा क्रम होता. वाटेत लोक बोलत ते त्यांना ऐकू येई. ते चालत राहत.

पैशासाठी घरोघर फिरण्यात कर्व्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांच्याहून कणखर निघाल्या त्या पार्वतीबाई आठवले, आनंदीबाई कर्व्यांच्या (म्हणजे पूर्वीच्या गोदूबाईंच्या) भगिनी. लहान मुलगा पदरी असलेली ही विधवा मोठेपणी शिकली, आणि आश्रमाच्या वर्गणीसाठी गावोगाव सभा घेत हिंडली. १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी धड येत नव्हते. घरकाम करून त्यांनी तेथे पोट भरले आणि आश्रमासाठी पैसेही जमविले. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी आपल्या मुलींना जरूर वाचावयास द्यावे. पुढे १९३१ च्या अखेरीस खुद्द कर्वे सत्तरी ओलांडल्यावर सपत्नीक आफ्रिकेत गेले, आणि मोंबासा, झांजीबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत तेथल्या हिंदी लोकांपुढे त्यांनी आपल्या महिला विद्यापीठासाठी झोळी पसरली.

या सर्व उद्योगातली सर्वांत मार्मिक कल्पना म्हणजे भाऊबीज निधी. १९२० च्या सुमारास हिंगण्याच्या संस्थेने तो सुरू केला. कल्पना साधी आहे. कार्तिक शुद्ध द्वितीयेस बहीण ओवाळते आणि भाऊ तिच्या तबकात काही घालतो. त्या दिवशी आश्रमातल्या निराधार भगिनीसाठीही एक ओवाळणी बाजूला काढावी. रुपया काढा, दोन काढा. पण दर वर्षी काढा. संस्थेचे सेवक पावतीपुस्तके घेऊन गावोगाव, आणि महाराष्ट्राबाहेर जेथे मराठी वस्ती असेल तेथेही, जात. मोठ्या देणगीदाराचे नाव भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर येते. भाऊबीज घालणाऱ्याचे नाव एका चिठोऱ्यावर येई आणि ते दिवाळीच्या पसाऱ्यात हरवून जाई.

तिच्यात खोच कोठे आहे ती पाहा. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. ओवाळणी घेणाऱ्या बहिणीची जात नाही. तो तिचा हक्क असतो. उलट, न देणाऱ्या भावालाच ओशाळे वाटते. शिवाय भाऊबीज दर वर्षी येते, पाऊस पडो वा न पडो, वर्तमानपत्रात दुष्काळाची बातमी असो वा नसो. जे काम जयपूरच्या राजाने रोख्यांवर सोपविले ते कर्व्यांनी पंचांगावर सोपविले. रोख्यांच्या व्याजाला महागाई खाते. ओवाळणी महागाईबरोबर वाढत जाते, कारण बहिणीला कोणी पन्नास वर्षांपूर्वीचा रुपया देत नाही. या योजनेचेही उणेपण आहे. घरोघर फिरणारा सेवक थकतो, माणसे घरी भेटत नाहीत, नव्या पिढीला पावतीपुस्तकाचे कौतुक राहत नाही. आणि बहिणीने नेहमी ओवाळावे व भावाने द्यावे, ही मांडणी आज कमावत्या बहिणींना खटकली तर तीत काही गैर नाही. त्यांच्याही ओवाळण्या घ्याव्यात.

‘अनाथ’ या शब्दाचेही पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९०९ साली पुण्यात दादासाहेब केतकर प्रभृतींनी काढलेले अनाथ विद्यार्थी गृह पुढे पुणे विद्यार्थी गृह झाले. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम आता महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आहे. नावातून शब्द गळाला, काम राहिले. वसतिगृहात वाढलेल्या मुलाला आयुष्यभर दाखल्यावर हा शिक्का बाळगावा लागू नये, ही समज यायला मध्यंतरी बराच काळ जावा लागला.

आता पुन्हा जयपूर. राजस्थान सरकारने २००५ साली ‘पालनहार’ योजना सुरू केली. आईबाप गमावलेल्या मुलाला संस्थेत न धाडता त्याच्या काकाने, मामीने, आजीने वा ओळखीच्या कोणी घरी वाढवावे आणि त्यासाठी सरकारने त्या घराला दरमहा रक्कम द्यावी, अशी ही योजना. लहानग्याने अंगणवाडीत आणि मोठ्याने शाळेत गेले पाहिजे, एवढी अट. प्रथम ती अनुसूचित जातींच्या अनाथ मुलांपुरती होती. पुढे तिची कक्षा वाढत गेली आणि विधवेची मुले, जन्मठेप भोगणाऱ्यांची मुले, दुसऱ्या घरी ‘नाता’ लावून गेलेल्या आईची मुले, असे अनेक तीत आले. महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना याच जातीची. दोन्हींच्या मुळाशी एक अनुभव आहे: अनाथालयात असलेल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात. मूल तेथे येते ते कोणी नाही म्हणून नव्हे, तर घरात खायला नाही म्हणून. त्या घराला दरमहा हातभार लागला तर मूल घरातच राहते. जुन्या निधीची दुसरी आणि चौथी बाब येथे एकत्र आल्या, एवढेच.

याच शहरात १९७५ साली सुरू झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे कामही या दृष्टीने पाहावे. तेथे पाय गमावलेल्या माणसाला ‘जयपूर फूट’ विनामूल्य मिळतो. हमालाचा किंवा शेतमजुराचा पाय गेला की मुलाची शाळा जाते, बायकोचे दागिने जातात, शेवटी घर मोडते. तो पाय बसवून माणूस कामावर परतला, की त्या घरातले मूल अनाथालयाच्या दारापर्यंत जातच नाही. हे कोणत्याही अनाथ निधीच्या हिशेबात दिसत नाही. आहे मात्र त्याच खात्यावरचे.

समारंभाच्या जमाखर्चात शिल्लक राहिली तर तिचे काय करावे, यावर प्रत्येक मंडळात चर्चा होतात. कोणी सभागृहाला पंखे म्हणतो, कोणी भांडी, कोणी गावाकडच्या एखाद्या संस्थेला एकरकमी धनादेश. आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. एकरकमी धनादेश देऊ नये. शिल्लक ठेवीत ठेवावी, आणि तिच्या व्याजात दर भाऊबीजेस सभासदांकडून जमलेली ओवाळणी मिळवावी. त्यातली निम्मी महाराष्ट्रात जावी, निम्मी याच शहरातल्या एखाद्या घराकडे जावी. देण्यापूर्वी त्या घरी कोणी तरी जाऊन यावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावे. पालनहारासाठी लागणारी कागदपत्रे न जमल्याने कितीतरी आज्या हात जोडून परत जातात. ज्यांची नोकरी कचेरीत गेली अशा आपल्या सभासदांना एवढे अर्ज भरून देणे अवघड नाही.

राहता राहिली पाहुण्यांची गोष्ट. सिटी पॅलेस झाल्यावर संध्याकाळी आपण त्यांना रामनिवास बागेत नेतोच. ती बाग सवाई रामसिंहांनी १८६८ च्या दुष्काळात उपाशी रयतेला काम मिळावे म्हणून घालविली. शहराला पाणी देणारा रामगडचा बांध छप्पनियाच्या आगेमागे उभा राहत होता. तो १९०३ साली पुरा झाला. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकाशर्यती तेथेच झाल्या, आणि पुढे ते तळे कोरडे पडले. बाग मात्र हिरवी आहे. तेथे एखाद्या बाकावर बसून छप्पनियाची हकीकत सांगता येते. चांदीच्या कुंभांहून ती जरा लांबते. पण मुले भेळ खात खात शेवटपर्यंत ऐकतात, आणि त्या मुलांचे पुढे काय झाले, असे हटकून विचारतात.